दहा दिवस हात लावायचा नाही

सोम्याला झोपेतून उठवून विचारलं असतं, की लाकडाचा खरा वैरी कोण, तरी त्याने डोळे न उघडता सांगितलं असतं, ऊन. लोक उगाच पावसाच्या नावाने बोटं मोडतात. आधी ऊन लाकूड सुकवतं, तडकवतं, त्याला जागोजागी तोंडं पाडतं, आणि मग पाऊस येतो तो आयत्या वाटेने आत शिरतो. सूर्यमाळच्या उतारावरच्या त्या सतरा घरांच्या पाड्यात हे व्याख्यान न ऐकलेला माणूस शोधून सापडला नसता. काही जणांनी तर ते इतक्यांदा ऐकलं होतं, की सोम्याच्या तोंडून 'ऊन' हा शब्द निघाला रे निघाला की ते उठून शेळ्या बघायला जात.

सोम्या पाड्याचा सुतार. वय साठीच्या अलीकडे की पलीकडे हे त्याच्या आधार कार्डालाही नक्की ठाऊक नव्हतं. तिथे अर्ध्या पाड्यासारखी त्याचीही जन्मतारीख एक जानेवारीच होती. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. पाड्यातले नांगर, दारं, खिडक्या, पाळणे, सगळं त्याच्या हातचं. फक्त त्याच्या स्वतःच्या घराचं दार एका बिजागरीवर लटकत होतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "गिऱ्हाइकानं सांगितल्याबिगर मी काम घेत नाय."

ही गोष्ट मात्र वेणूच्या खिडकीची आहे. वेणूचं घर पाड्याच्या टोकाला, दरीकडे तोंड करून. पश्चिमेच्या भिंतीत सागाची मोठी खिडकी, बाहेर उघडणाऱ्या दोन फळ्यांची. वेणूचा नवरा होता तेव्हा सोम्यानेच ती बसवली होती. दुपारपासून दिवस बुडेपर्यंतचं सगळं ऊन त्या खिडकीने छातीवर घ्यायचं, आणि पावसाळ्यात दरीतून उसळणारा वाराही तिनेच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सोम्या दर उन्हाळ्यात तिला तेलपाणी करायचा. मग वेणूचा मुलगा दिपेश बोईसरच्या एका कंपनीत चिकटला, आणि मागच्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा त्याने आईसाठी हौसेने त्या खिडकीला निळाभोर ऑइल पेंट मारला.

"जुनं तेल न खरवडता रंग मारू नको रं," सोम्या म्हणाला होता.

दिपेशने मारला. खिडकी अशी चकाकली की पाड्यातल्या पोरी तिच्यात बघून वेण्या घालू लागल्या. पंधरा दिवसांत उन्हाने रंगाचे फुगे आले, पापुद्रे सुटले, पावसाचं पाणी त्या पापुद्र्यांच्या मागे कोंडून बसलं आणि खालची फळी कुजली. श्रावणात चार दिवस झड लागली तेव्हा खिडकीतून इतकं पाणी आत आलं, की नाचणीची कणगी भिजली आणि वेणू पंधरा दिवस तापाने अंथरुणाला खिळली.

दिपेश शहाणा मुलगा. रंगाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पण आईला असं एकटीला सोडायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं. होळीला घरी आला तेव्हा निक्षून म्हणाला, "आये, मे महिन्याच्या शेवटी मी न वर्षा येतो. खिडकी पान्याला टिकली तर तू हितं ऱ्हा, माझं काय म्हणणं नाय. एक थेंब जरी आत आला, तर त्याच जीपमधनं तू आमच्याबरोबर बोईसरला. परत पावसात मी तुला हितं ठेवणार नाय."

वर्षा म्हणजे दिपेशची बायको. तिनेही मान हलवली. वेणू काय बोलणार? कबूल केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोम्याच्या त्या एका बिजागरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"अरे, माझी खिडकी नीट कर," ती म्हणाली. "नायतर मी चालले बोईसरला."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सोम्याने कोणालाही सांगितली नव्हती आणि म्हणूनच सगळ्या पाड्याला माहीत होती. वेणू त्याला आवडायची. वीस वर्षं ती त्याला 'सोम्यादादा' म्हणत आली. मागच्या दिवाळीपासून तिने 'दादा' म्हणणं सोडलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही घातलं नाही. नुसतं 'अरे' म्हणायची. त्या एका 'अरे'वर सोम्याने अख्खा हिवाळा काढला होता. आता ती बोईसरला गेली असती तर त्याचा उन्हाळा, पावसाळा आणि पुढचं सगळंच कोरडं जाणार होतं, हे त्याला त्या दारात उभ्याउभ्या कळलं.

त्याने खिडकी चौकटीसकट उतरवली. भिंतीतल्या भगदाडाला बांबूची तट्टी लावली आणि खिडकी सावलीत महिनाभर सुकत ठेवली. उन्हात नाही, कारण उन्हात सुकलेलं लाकूड पिळवटतं. ह्या मुद्द्यावर तीन जण शेळ्या बघायला गेले. निळा रंग खरवडून काढला. कुजलेली फळी बदलली. तड्यांमध्ये सागाचा भुसा घालून लाख भरली. खालच्या चौकटीला रंध्याने बाहेरच्या बाजूला उतार दिला, आणि तिच्या पोटाशी बोटभर खाच पाडली, म्हणजे पाणी आत न वळता तिथूनच ठिबकेल. वर हातभर पुढे आलेल्या फळीचा छज्जा ठोकला. आपल्या बायकोच्या हयातीत त्याने तिच्यासाठी एवढं काही केलं नव्हतं, असं गौरा म्हातारी म्हणाली. सोम्याने ऐकलं नसल्यासारखं केलं.

उरलं तेल. सोम्याचा भरवसा एकाच तेलावर, काजूच्या टरफलांच्या. जव्हारला काजू फोडायचं काम चालतं तिथून तो डबाभर घेऊन आला. एसटीत कंडक्टरने त्याला शेवटच्या सीटवर बसवलं आणि डबा दोन्ही पायांमध्ये धरायला लावला. ह्या तेलाची कीर्तीच तशी आहे. लाकडात मुरलं की ऊन त्याचं काही वाकडं करू शकत नाही, पाणी वरून घरंगळतं, वाळवी वासानेच वाट बदलते. पण माणसाच्या अंगाला लागलं की उततं. दुसऱ्या दिवशी फोड येतात, मग खाज, मग कातडी काळी पडून तिची सालं निघतात. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख फासल्याशिवाय कामाला बसत नाहीत.

खिडकी पुन्हा भिंतीत बसवून सोम्याने हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, तेलाचे दोन हात मारले आणि मग घरोघर फिरून दवंडी दिली.

"दहा दिवस हात लावायचा नाय. वरून वाळल्यासारखं दिसंल, पण आत वलं असतंय. बोट टेकवायचं नाय, पाठ टेकवायची नाय. नंतर माझ्याकडं रडत यायचं नाय."

गौरालाही त्याने हेच सांगितलं. गौरा पाड्याची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी आणि लग्नाची गाणी म्हणणारी. तिची ऐंशी उलटलेली, आणि पाड्याच्या त्या टोकाला ती वर्षभरात फिरकली नव्हती. "माला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी काय त्या खिडकीतनं पळून जाणार हाय?"

मग सोम्या रोज दुपारी तेल वाळलं का ते बघायला जाऊ लागला. तेल वाळलं का हे बघायला एक नजर पुरते. सोम्याला दिवस बुडेपर्यंत वेळ लागायचा. तो बाहेर उभा, वेणू आत उभी, मधे खिडकी. ती खिडकी बसवून वीस वर्षं झाली होती, पण आपण ती नेमकी उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला बसवलीय, हे त्याला आजवर कळलं नव्हतं.

चौथ्या दिवशी वेणू दिपेशच्या लहानपणाचं सांगत होती. सहा वर्षांचा असताना शाळा चुकवायला तो कणगीत लपला, तिथेच झोपला, आणि सगळा पाडा त्याला दरीत हाका मारत फिरत होता. शेवटी वेणूने भाकरीसाठी नाचणी काढायला कणगीत हात घातला तर हाताला पोराचं नाक लागलं. सोम्या हसता हसता पुढे झुकला. आणखी एकदा हसला, आणखी झुकला. घरी जायला सरळ झाला तेव्हा त्याची दोन्ही कोपरं चौकटीवरून चिकट आवाज करत सुटली.

त्याने वेणूकडे पाहिलं. ती आत वळून चुलीकडे गेली होती. तिने पाहिलं नाही, असं त्याने ठरवलं आणि घराकडे जे निघाला ते जवळजवळ पळतच.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कोपरांवर चिंचोक्याएवढे फोड. तिसऱ्या दिवशी खाज अशी, की रात्रंदिवस भिंतीला घासत बसावं. सोम्याने खोबरेल चोपडलं आणि पेटीतून लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर काढून घातला. सूर्यमाळचा मे महिना. दगडावर भाकरी भाजावी असं ऊन. पाड्यातली माणसं पाण्याच्या रांगेत उभी राहून त्याच्याकडे बघायची.

"सोम्याबाबा, हिवताप हाय का?"

"वारा गार सुटलाय," सोम्या म्हणायचा आणि घाम पुसायचा.

ज्याने घरोघर फिरून जगाला शहाणपण शिकवलं त्याचीच कोपरं उतली, हे कळलं असतं तर पाड्याने त्याला पुढची दहा वर्षं सुखाने जगू दिलं नसतं. पण खरं दुखणं ते नव्हतं. खरं दुखणं हे, की पाचव्या दिवसापासून वेणू खिडकीत यायची बंद झाली. तो बाहेर येऊन उभा राहिला की ती आत चुलीपाशीच थांबायची. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, हात त्याच्या आत. बोलली तरी भिंतीकडे बघून. एकदा दारातून त्याला आतलं बोचकंही दिसलं, बांधून ठेवलेलं. बाई मनाने बोईसरला पोचली, असं सोम्याला वाटलं. त्याला फार वाईट वाटलं. खाज त्यापुढे काहीच नव्हती.

मे संपता संपता दिपेश आणि वर्षा खोडाळ्याहून जीप करून आले. आपल्या दोन पोरांना वर्षाच्या आईकडे ठेवलं होतं. दिपेशने खिडकी वरपासून खालपर्यंत बघितली. तेल पिऊन ती गडद तांबूस काळी झाली होती.

"हा काय कलर हाय?" तो म्हणाला.

"कलर नाय. लाकूड हाय," सोम्या म्हणाला.

"टिकंल?"

"पान्याला विचार."

दिपेशने तेच ठरवलं होतं. "पाणी मारून बघू," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. मग आईनं बोलायचं नाय न मी बी बोलायचं नाय."

हे ऐकून जमलेल्या बायकांनी कपाळाला हात लावला. मे महिन्यात पाणी मारायचं म्हणजे काय, हे बोईसरला राहून दिपेश विसरला होता. टँकर दोन दिवसांआड यायचा, झऱ्यावर एक हंडा भरायला तास लागायचा. शेवटी गौराने काठी टेकत येऊन तोड काढली. दोन हंडे द्यायचे. खिडकीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, कडेने घमेली ठेवायची, आणि खिडकीवरून उतरलेलं सगळं पाणी शेळ्यांना जाईल. शेळ्यांनाही बोलावण्यात आलं. त्या पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या.

वेणू आत गेली. तिने खिडकीच्या फळ्या लावून घेतल्या. दिपेशने पहिला हंडा उचलला आणि कंपनीच्या शर्टाची इस्त्री सांभाळत खिडकीवर तांब्याने पाणी शिंपडलं, देवाला घालतात तसं.

सोम्याला ते बघवेना. वेणूचं जाणं-राहणं त्या पाण्यावर ठरणार होतं, तेव्हा शिंपडलेलं पाणी त्याला चाललंच असतं. पण ती त्याने बनवलेली खिडकी होती.

"असा पाऊस पडतो सूर्यमाळला?" तो म्हणाला. "आन हिकडं."

ओल्या लोकरीत हात अडकतील म्हणून त्याने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, शेळीच्या पाठीवर टाकला, हंडा कमरेला लावला आणि दरीचा वारा जसा खालून तिरपा येतो तसं पाणी फळ्यांवर हाणलं. मग दुसरा हंडा. शेवटी दोन्ही हातांनी हंडा उंच धरून उरलेलं पाणी छज्ज्याच्या खालच्या सांधीत मारलं. तो दमून मागे झाला तेव्हा टाळ्या नाहीत, बोलणं नाही. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. दोन्ही कोपरं काळी, सोललेली, रुपयाएवढ्या खपल्यांची.

"बोट टेकवायचं नाय," कोणीतरी मागून त्याच्याच सुरात म्हणालं. "पाठ टेकवायची नाय."

हसण्याची अशी लाट उठली की शेळ्या बिचकल्या. एवढी शांतता आणि मग एवढं हसू कशाचं, हे बघायला वेणूने आतून दोन्ही फळ्या ढकलल्या. फळ्या दूर लोटताना तिचे दोन्ही हात पुढे आले, पदर खांद्यावरून घसरला, आणि चौकटीच्या बरोबर मधोमध तिची दोन्ही कोपरं सगळ्या पाड्याला दिसली. काळी, सोललेली, रुपयाएवढ्या खपल्यांची.

हसू थांबलं. वेणूने सोम्याची कोपरं बघितली, सोम्याने वेणूची. म्हणजे ती मनाने बोईसरला पोचली नव्हती. म्हणजे ती पदरात हात लपवून बसली होती, जसा तो स्वेटरात. सोम्याला इतका आनंद झाला की हातातला रिकामा हंडा खाली ठेवायचं त्याला सुचेना.

दिपेशचा चेहरा लाल झाला. तो काही बोलायच्या आत गौराने काठी आपटली.

"दिपेश, तू काय बघतोस डोळं वटारून?" ती म्हणाली. "तू न वर्षा सात वर्षं एका घरात ऱ्हाता, दोन पोरं झाली, न लगीन अजून लावलं नाय. दर साली म्हणता पुढच्या साली. आता मायलेकांचा मांडव एकच घालू. माझा गळा बी एकदाच बसंल."

त्यांच्या जमातीत हे चालतं. संसार आधी सुरू होतो आणि लग्नाची जुळवाजुळव होईल तेव्हा लग्न, मग पोरंसोरंही मांडवात नाचतात. वर्षा तोंडाला पदर लावून हसत होती.

"मांडवाचं मागनं बोला," दिपेश पुटपुटला. "आधी खिडकीचं. पाणी आत आलं का नाय?" आणि तो तरातरा दारातून घरात शिरला. त्याच्यामागे सोम्या, सोम्यामागे दारात मावतील तेवढी माणसं.

वेणू खिडकीखाली भिंतीला चिकटून उभी होती. एक पाय भिंतीशी, दुसरा जरा पुढे, सारवलेल्या जमिनीवर घट्ट रोवलेला.

"आये, कोरडं हाय?"

"कोरडं हाय."

दिपेशने तिच्या पायाकडे बघितलं. "पाय उचल."

"नाय उचलत."

सोम्याला पायाकडे बघायची गरज नव्हती. त्याने सुताराच्या नजरेने सरळ चौकटीचा डावा कोपरा बघितला. तिथून पाण्याची एक बारीक रेघ भिंतीवरून उतरली होती आणि वेणूच्या तळव्याखाली गेली होती. चाळीस वर्षांत त्याने स्वतःचं वाईट काम कधी चांगलं म्हणून खपवलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. वेणूने त्याच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा मिटलं.

"सोम्याबाबा," दिपेश वळून म्हणाला, "तुम्ही खोटं बोलत नाय. तुम्ही सांगा. पाणी आलं का?"

सोम्याने वेणूकडे बघायचं टाळलं.

"आलं," तो म्हणाला. "डाव्या कोपऱ्यातनं."

वेणूने डोळे मिटले. दारातली माणसं हळहळली.

"पण ती खिडकीची चूक नाय," सोम्या पुढे म्हणाला. "तेल सगळीकडं नीट मुरलंय. फक्त त्या कोपऱ्यात नाय. तिथलं तेल लाकडात गेलंच नाय, आमच्या अंगाला लागलं. बाहेरनं माझी कोपरं, आतनं हिची. मी परत लावतो. दहा दिवस लागतील. पावसाच्या आत वाळंल. पण ही हितं असली तर दहा दिवस मी तिथं टेकणार नाय, असं मी सांगत नाय. ते खोटं होईल."

वर्षाने पुढे होऊन दिपेशच्या दंडाला हात लावला. दिपेशने त्या पाण्याच्या रेघेकडे बघितलं, मग आईच्या कोपरांकडे.

"दुखतंय का गं?" त्याने विचारलं.

"खाजवतंय," वेणू म्हणाली.

दिपेशने कोपऱ्यातलं बांधलेलं बोचकं उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "आये," तो हळू आवाजात म्हणाला, "आता तरी पाय उचल."

"तू आधी भायेर जा," वेणू म्हणाली, "न जीपवाल्याला सांग, परत जाणारी दोनच माणसं हायत म्हणून."